जेन्सनचा १:१० इनपुट ट्रान्सफॉर्मर आणि घरी बनवलेला माइक प्रीॲम्प, आठ महिने वापरून

आधीच सांगून टाकतो, 'वॉर्म आवाज' पाहिजे म्हणून कोणी इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या (लोखंडी गाभ्यावर तारा गुंडाळलेली डबी, माइक आणि त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प यांच्या मध्ये बसते) मागे लागलं असेल तर त्या पैशात एखादा बरा माइक घ्या, किंवा खोलीत दोन जाड गोधड्या टांगा, जास्त फरक पडेल. मी पण त्याच नादात घेतला होता. व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलेलं की लोखंडातून आवाज गेला की तो जाड होतो, गोल होतो, वगैरे वगैरे. तसं काही झालं नाही. जे झालं ते वेगळंच झालं आणि माझ्यापुरतं तरी जास्त कामाचं निघालं, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

मुळात मला गरज का पडली ते सांगतो. माझी आत्या गावाकडं असते, वय ८१. तिला जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत पण आवाज आता इतका बारीक झालाय की शेजारी बसल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि माइक तोंडासमोर आणला की बाई गप्पच होते. 'ते दांडकं बाजूला कर आधी.' म्हणजे माइक हातभर लांब ठेवायचा आणि तरी आवाज आला पाहिजे. माझ्याकडं शुअरचा एसएम ५८ आणि एक साधा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा. गेनचा (सिग्नल किती वाढवायचा त्याचा) नॉब पूर्ण उजवीकडं फिरवला तरी वेव्हफॉर्म मुंगीएवढा, आणि कॉम्प्युटरवर वाढवला की मागं पाऊस पडल्यासारखा सूऽऽ आवाज आणि त्यात घुर्रर्र.

थोडा हिशोब करू, कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा. एसएम ५८ समोर ९४ डीबीचा आवाज असेल, म्हणजे कोणी अगदी जवळून जोरात बोललं तर, तो साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. आत्याचा आवाज हातभर लांबून ७४ डीबी धरला, आणि हे पण मी उदार मनानं धरतोय, तर ०.१८५ मिलिव्होल्ट. त्याला ६५ डीबी गेन दिला तेव्हा कुठं ०.३३ व्होल्ट होतात. इंटरफेसमध्ये तेवढा गेनच नव्हता. दुसऱ्या बाजूला १५० ओमचा, म्हणजे माइकएवढाच, साधा रेझिस्टर नुसता टेबलावर पडलेला असला तरी खोलीच्या तापमानाला २० किलोहर्ट्झच्या बँडमध्ये ०.२२ मायक्रोव्होल्ट नॉइज (तोच सूऽऽ आवाज) देतोच, म्हणजे उणे १३१ डीबीयू. त्याच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही, कितीही महागाचं सामान आणा. प्रश्न एवढाच असतो की तुमचा ॲम्प्लिफायर त्यावर स्वतःची किती भर घालतो.

ट्रान्सफॉर्मरचं काम इथं येतं. १:१० चा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहापट करतो, म्हणजे २० डीबी, तेही वीज न खाता. पण फुकट काहीच नसतं, इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा, ओममध्ये) शंभरपट होतो, १५० ओमचा माइक पलीकडून १५ किलोओमचा दिसायला लागतो. आता गंमत बघा, एनई ५५३४ नावाची जुनी, चाळीस-पन्नास रुपयाला मिळणारी चिप आहे, तिचा व्होल्टेज नॉइज ३.५ नॅनोव्होल्ट आणि करंट नॉइज ०.४ पिकोॲम्पिअर (दर रूट हर्ट्झ), भागाकार केला की येतात साधारण पावणेनऊ किलोओम. म्हणजे या चिपला समोर काही किलोओमचा सोर्स असला की ती खूश असते. १५० ओमचा माइक थेट लावला तर तिचा स्वतःचा नॉइज माइकच्या नॉइजपेक्षा वरचढ होतो आणि १:१० मधून लावला तर कागदावर एक डीबीची सुद्धा भर पडत नाही, वायंडिंगचा (आतल्या तारेच्या वेढ्यांचा) रेझिस्टन्स धरला तरी माझ्या हिशोबाने दीड-दोन डीबीच्या आत. स्वस्त चिप आणि महाग लोखंड अशी ही जोडी आहे. उलट पण करता येतं, महाग चिप आणि लोखंड नाहीच, आजकालच्या बहुतेक इंटरफेसमध्ये तेच असतं आणि नॉइजच्या बाबतीत ते काही वाईट नसतं, हे पण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

सुरुवातीला मी कंजूषपणा केला. ऑनलाइन साडेतीनशे रुपयाला एक 'ऑडिओ मायक्रोफोन ट्रान्सफॉर्मर' मिळत होता, विकणाऱ्याचं नाव घेत नाही, त्याची चूक नाही आणि माझी आहे. उघड्या पत्र्यांचा, वर पिवळी टेप, बाहेर कसलंही कवच नाही. लावला आणि चालू केला तर माइक न जोडताच स्पीकरमधून हम, म्हणजे मेन्सच्या विजेची घुंऽऽ. मोबाइलचा चार्जर जवळ नेला की हम वाढतो, ट्यूबलाइटची चोक जुनी होती ती चालू केली की वेगळा सूर. हातात धरून फिरवला तर हमचा आवाज कमी-जास्त होतो, म्हणजे मी दिशा दाखवणारं यंत्रच बनवलं होतं, घरातल्या भिंतींत वायरी कुठून गेल्यात ते त्याने शोधता आलं असतं. त्याच्यापुढं ४० डीबीचा गेन बसलेला, अजून काय होणार.

मग शहाणपण सुचलं आणि जेन्सनचे जेटी-११५के-ई दोन मागवले. जेन्सन ही अमेरिकेतली, कॅलिफोर्नियाची कंपनी, डीन जेन्सन नावाच्या माणसाने १९७४ ला चालू केली, तो १९८९ ला गेला, आणि २०१४ मध्ये कॅनडाच्या रेडियल इंजिनिअरिंगने ती घेतली. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे डेटाशीट. ग्राफ आहेत, सर्किट आहे, सेकंडरीवर (चिपच्या बाजूच्या वायंडिंगवर, माइकच्या बाजूची ती प्रायमरी) किती ओमचा लोड टाकायचा ते लिहिलंय, आणि कुठंही 'मखमली', 'सिल्की' असले शब्द नाहीत. लग्नाच्या बायोडाटामध्ये मुलाची उंची आणि पगार खरा लिहिला तर कसं वाटेल तसं वाटतं वाचताना.

दोन नगांचे कुरियर आणि ड्युटीसकट वीस हजाराच्या थोडं वर गेले. हो, माझ्या इंटरफेसपेक्षा जास्त. घरी खरा आकडा सांगितलेला नाही, इथं लिहितोय म्हणजे आता कळेलच. पार्सल एवढंसं, एक एक नग मुठीत मावतो, वर म्यु-मेटलचा डबा. पैसे खरं म्हणजे या डब्याचे आणि आतल्या गाभ्याचेच आहेत. म्यु-मेटल म्हणजे निकेल जास्त असलेला लोखंडाचा मिश्रधातू, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र तो स्वतःतून वळवून नेतो आणि आतल्या वायंडिंगपर्यंत पोचू देत नाही. पण स्वभावाने फार नाजूक, आपटला किंवा वाकवला की गुण कमी होतात. म्हणून टेबलावर ठेवताना सुद्धा मी खाली नॅपकिन अंथरत होतो, बायको म्हणाली बाळाला एवढं जपलं नव्हतंस.

बाकीचं सामान तपकीर गल्लीतून. पुण्याच्या बाहेरच्यांसाठी, बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली, मुंबईकरांचा जसा लॅमिंग्टन रोड तशी. शनिवारी दुपारी गेलो आणि चूक केली, पाय ठेवायला जागा नाही. मेटल फिल्म रेझिस्टर, कपॅसिटर, एलएम ३१७ आणि ३३७ (सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपा), एक्सएलआर सॉकेट (माइकच्या केबलचं, तीन पिनांचं), टोरॉइड म्हणजे कड्यासारखा गोल पॉवर ट्रान्सफॉर्मर, सगळं मिळालं. अडकलं ते गेनच्या पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर. या सर्किटला रिव्हर्स लॉग पॉट लागतो, नाहीतर नॉब तीन-चतुर्थांश फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि शेवटच्या बोटभर जागेत ३० डीबी कोंबलेले असतात. चार दुकानं फिरलो. पाचव्या दुकानातले काका म्हणाले, "रिव्हर्स कशाला पायजे तुम्हाला? साधा लॉग घ्या आन् नॉब उलटा फिरवा की." मी हसलो, आणि रस्त्यात येताना लक्षात आलं की काका शंभर टक्के बरोबर होते, लॉग पॉटची दुसरी बाजू वापरली की तो रिव्हर्स लॉगच होतो, फक्त आवाज वाढवायला डावीकडं फिरवायचा. तरी मी शेवटी बारा पोझिशनचा रोटरी स्विच घेतला कारण दोन चॅनेल अगदी सारखे ठेवायचे होते.

एक सूचना, चिपा गल्लीतून घेताना जरा सांभाळून. मी पहिल्यांदा घेतलेल्या चार ५५३४ मधल्या दोन भलत्याच खरखरत होत्या, वरचं छापील नाव नखाने निघत होतं. कुठल्या दुकानातून ते सांगत नाही, त्यालाही कोणीतरी गंडवलेलं असणार. नंतर मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडून ऑनलाइन मागवल्या, तिप्पट पैसे गेले आणि खरखर बंद.

फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच कंडेन्सर माइकला द्यायची वीज) ठेवायची का नाही यावर मी दोन रविवार घालवले. आत्याच्या माइकला नको, पण मित्राचा कंडेन्सर लावायचा असतो. ४८ व्होल्टच का असतात, ५० का नाही, हा प्रश्न मला कायम पडायचा. त्याचं उत्तर असं की १९६६ मध्ये न्यूमनने नॉर्वेच्या सरकारी रेडिओला माइक दिले आणि त्यांच्या स्टुडिओत इमर्जन्सी दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच फिरवलेली होती, तीच वापरली. तर ते ४८ व्होल्ट ६.८ किलोओमच्या दोन रेझिस्टरमधून पिन २ आणि पिन ३ वर जातात आणि हे दोन रेझिस्टर एकमेकांशी अगदी जुळले पाहिजेत, किंमत थोडी इकडं तिकडं चालेल पण जोडी सारखी पाहिजे. नाहीतर दोन्ही तारांवर सारखा आलेला कचरा पुढं जाताना सारखा राहत नाही, आणि मग ट्रान्सफॉर्मरला तो ओळखता येत नाही. वायंडिंगच्या दोन टोकांवर व्होल्टेज असमान झालं तर वायंडिंगमधून डीसी वाहतो, तो त्रास वेगळाच. मी एक टक्क्याचे पन्नास रेझिस्टर आणले आणि मुलीला बसवलं, ती आकडे वाचायची आणि मी लिहायचो, पन्नासातून एका ओमच्या आत जुळणाऱ्या सहा जोड्या निघाल्या. पंचवीस रुपयात काम झालं, ०.१ टक्क्याचे विकत घेतले असते तर याच्या कितीतरी पट गेले असते.

आता माझा मूर्खपणा. सगळं जोडून झाल्यावर दुसऱ्या चॅनेलमधून आवाज येईना, तर मी सवयीने मल्टिमीटर काढला आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगला लावला, कंटिन्युइटी बघायला. टूंऽऽ वाजलं, वायंडिंग ठीक आहे, दोष एका कोरड्या सोल्डरमध्ये होता तो दुरुस्त केला, मी खूश. रात्री डेटाशीट परत वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की इनपुट ट्रान्सफॉर्मरला ओहममीटर लावायचा नसतो, मीटरचा डीसी करंट त्या नाजूक गाभ्याला चुंबक करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरून ५० हर्ट्झचा टोन दोन्ही चॅनेलना दिला आणि स्पेक्ट्रम बघितला, पहिल्या चॅनेलला जवळजवळ काही नाही आणि दुसऱ्या चॅनेलला १०० हर्ट्झवर एक मस्त खांब उभा. सेकंड हार्मोनिक, म्हणजे मूळ टोनच्या दुप्पट सूर. ज्याला लोक 'वॉर्म' म्हणतात तो थोडाफार हाच बरं का, आणि मी वीस हजार घालवून मल्टिमीटरने बनवला होता.

उपाय घरी करता येतो. सेकंडरी चिपपासून सोडवली, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ३० हर्ट्झचा टोन प्रायमरीला लावला, आवाज पूर्ण वर, आणि मग मिनिटभर अगदी हळूहळू शून्यावर आणला, मध्ये न थांबता आणि न झटकता. पहिल्या वेळी मांजर टेबलावर चढलं आणि केबल निघाली, म्हणजे परत पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी खांब गेला.

दुसरी भानगड टोरॉइडची. डबा मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला होता, १.५ मिमी पत्रा, पुढचं तोंड ॲल्युमिनियमचं. एक्सएलआरची भोकं त्यानं दोन मिमी चुकवली, मग मी कानस घेऊन गॅलरीत बसलो, अजून पण डावीकडचं सॉकेट जरा तिरकं दिसतं. पण खरं दुखणं वेगळं होतं, पॉवरचा टोरॉइड त्याच डब्यात, इनपुट ट्रान्सफॉर्मरपासून जेमतेम चार बोटं. म्यु-मेटलचा डबा असला तरी तो काही भिंत नाही, चाळणी आहे. पूर्ण गेनवर ५० हर्ट्झचा हम ऐकू येत होता. टोरॉइडचा मधला बोल्ट ढिला करून थोडा थोडा फिरवला (मेन्स बंद करून, दरवेळी, हे विसरू नका) तर एका कोनात निम्मा झाला. तरी गेला नाही. शेवटी पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात काढला आणि दीड मीटरच्या केबलने जोडला, प्लस-मायनस १५, ग्राउंड आणि फँटमचे ४८. हम गेला, म्हणजे खरंच गेला, कान लावून बसलो तरी नाही. ज्याला कोणाला हे बनवायचं असेल त्यानं पहिल्या दिवसापासूनच दोन डबे धरून चालावं, मी जी कानस मारली ती तुम्ही मारू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. एक मित्र गातो, त्याचा काळी एकचा तानपुरा. तानपुरा म्हणजे आवाज लहान, त्यामुळं स्विच शेवटच्या पोझिशनला. रेकॉर्ड करून ऐकवलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "जोड्या बरोबर आहेत रे, पण खर्ज कुठे गेला?" मला काही फरक कळेना, त्याला कळत होता. मग गेन चार खटके खाली आणून परत वाजवायला लावलं, तर तो म्हणाला आता आला. गेन वाढवला की खर्ज जातो, हे कसं? रात्री सर्किट समोर घेऊन बसलो. गेनच्या रेझिस्टरच्या खाली एक कपॅसिटर असतो, डीसी अडवायला, नाहीतर स्विच फिरवताना ठक्क असा आवाज येतो. तिथं मी ४७ मायक्रोफॅरड टाकला होता, हाताशी तेवढाच होता म्हणून. पूर्ण गेनला तिथला रेझिस्टर ४७ ओमचा. हिशोब केला तर तीन डीबीची पायरी (जिथून खालचे सूर कापले जायला लागतात) ७२ हर्ट्झवर येते. आणि काळी एकचा खर्ज असतो साधारण ६९ हर्ट्झ. बरोबर त्याच्यावरच कुऱ्हाड! गेन कमी केला की रेझिस्टर मोठा होतो आणि पायरी खाली सरकते, म्हणून खर्ज परत यायचा. ४७ काढून ४७० मायक्रोफॅरड लावला, पायरी ७ हर्ट्झवर गेली. आठ रुपयाचा कपॅसिटर. वीस हजाराचं लोखंड लावून मी आठ रुपयाच्या वस्तूवर तानपुऱ्याचा खर्ज कापत होतो, आणि पकडला कोणी तर ज्याला ओमचा नियम पण माहीत नाही अशा माणसाच्या कानाने.

आता मुख्य, ट्रान्सफॉर्मर नक्की करतो काय. टेस्ट अशी केली. एक्सएलआरच्या प्लगमध्ये माइकच्या जागी १५० ओमचा रेझिस्टर सोल्डर केला, म्हणजे हवेतला आवाज यायचा प्रश्नच नाही, जे येईल ते तारेतूनच. पुढं २० मीटर केबल. ही केबल स्वयंपाकघरातल्या एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीला पाच-सहा ठिकाणी टेपने बांधली आणि त्या बोर्डाला मिक्सर लावला. ऑडिओवाला नाही, चटणीचा. बायकोला म्हटलं शेंगदाण्याची चटणी कर. पूर्वी मी चिप वापरून एक बिनट्रान्सफॉर्मरचा प्रीॲम्प केला होता, घाईघाईत, इनपुटला रेडिओ फ्रिक्वेन्सीचा फिल्टरच न टाकता. त्याच्यावर मिक्सर चालू केला की भोंग्यासारखं वाजायला लागलं, आणि मिक्सर बंद असताना मागं अगदी बारीक आवाजात कोणीतरी बातम्या देत होतं. खरंच, आकाशवाणी! लांब केबल म्हणजे एरियलच झाली होती आणि चिप बिचारी रेडिओ डिटेक्टर झाली होती. तीच केबल जेन्सनवाल्या डब्याला लावली. बातम्या गेल्या. मिक्सर चालू केला, बायको आतून ओरडली "आलं का काही?" आणि हेडफोनमध्ये नुसता नेहमीचा मंद फुसफुसाट, बाकी काही नाही. मी तीनदा चटणी करायला लावली. दोन आठवडे आम्ही शेंगदाण्याची चटणी खात होतो.

याचं कारण सरळ आहे. माइकचा सिग्नल पिन २ आणि ३ मध्ये उलट-सुलट असतो, म्हणून प्रायमरीतून करंट वाहतो आणि पलीकडं पोचतो. वायरीवर बाहेरून बसलेला कचरा दोन्हीवर सारखाच असतो, दोन्ही टोकं एकदमच वर-खाली होतात, प्रायमरीतून करंटच वाहत नाही, मग पलीकडं जाणार काय? आणि उरलंसुरलं वायंडिंगच्या मधल्या कपॅसिटन्समधून उडी मारून जाऊ नये म्हणून मध्ये फॅरडे शील्ड (धातूचा पातळ पडदा) असते, ती ग्राउंडला. शाळेतल्या रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच जोराने ओढत असल्या की दोरी कुठंच हलत नाही तसं. हे काम चांगली चिप पण करते, पण ती व्होल्टेजच्या ठरावीक मर्यादेतच करते आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीला तिची फजिती होते, ट्रान्सफॉर्मरला असल्या गोष्टींचं सोयरसुतक नसतं.

नॉइज मोजला, तोच १५० ओमचा रेझिस्टर लावून, तर इंटरफेसपेक्षा दोन-तीन डीबीच चांगला आला. दोन-तीन डीबीसाठी वीस हजार कोणी देऊ नयेत. खरा फायदा गेनचा आहे, माझ्याकडं आता ६५ डीबी आहेत आणि शेवटच्या खटक्यावर पण आवाज स्वच्छ राहतो.

आणि 'वॉर्म'चं काय? काही नाही. एसएम ५८ आणि जेन्सन, आणि एसएम ५८ थेट इंटरफेसमध्ये, दोन्हीचे लेव्हल जुळवून डोळे झाकून मित्राकडून ऐकवून घेतले, दहातून सहा बरोबर आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. ट्रान्सफॉर्मर आवाज बिघडवतो तो खालच्या सुरांना आणि मोठ्या लेव्हलला, गाभा भरायला लागला की. इथं माइकमधून येतात मिलिव्होल्ट, त्यात गाभा कसला भरणार, त्याला जाग पण येत नाही. जुन्या नीव्ह १०७३ प्रीॲम्पचं जे कौतुक ऐकता त्यात आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टरच्या स्टेज पण असतात, नुसत्या इनपुटच्या डबीवर ते श्रेय टाकू नका. आणि तसंही एसएम ५७, ५८ च्या दांड्यात आतच एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, ज्यांना लोखंडच पाहिजे त्यांना ते आधीच मिळालेलं आहे.

वाईट बाजू पण सांगतो. १:१० हा आकडा बारीक आवाजाला छान पण मोठ्या आवाजाला डोकेदुखी. मित्राचा कंडेन्सर ढोलकीसमोर ठेवला, तो ९४ डीबीला २० मिलिव्होल्ट देणारा, ढोलकी जवळून सहज १२० डीबी, म्हणजे माइकमधूनच ४०० मिलिव्होल्ट, ट्रान्सफॉर्मरनंतर ४ व्होल्ट, आणि माझ्या सर्किटचा सगळ्यात कमी गेन चारपट, म्हणजे १६ व्होल्ट, आणि सप्लाय आहे १५ चा. फाटला. २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा) स्विच नंतर बसवला, ट्रान्सफॉर्मरच्या आधी, आणि त्यासाठी परत ड्रिल आणि परत कानस. ज्यांना मुख्यतः तबला-ढोलकी किंवा गिटार ॲम्पच रेकॉर्ड करायचेत त्यांनी १:५ किंवा १:२ वाला घ्यावा.

लॅपटॉपच्या चार्जरच्या बझवर पण याचा उपयोग झाला नाही, मला वाटलं होतं होईल. ती बझ माइकच्या बाजूने येतच नव्हती, ती प्रीॲम्प आणि इंटरफेसच्या मधल्या केबलच्या शील्डमधून येत होती. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की गायब. पुढच्या दारात कुलूप लावलं आणि मागचं उघडंच होतं. मग आउटपुट बॅलन्स्ड केलं, पिन २ वर जेवढा रेझिस्टर तेवढाच पिन ३ ला ग्राउंडशी, दोन रुपयाचं काम, आणि इनपुटच्या एक्सएलआरची पिन १ बोर्डावर न नेता सरळ पत्र्याच्या डब्याला. तेव्हा शांत झालं.

सगळा खर्च धरला तर दोन चॅनेलचे जवळजवळ तीस हजार आणि चार महिन्यांचे रविवार. एवढ्यात तयार दोन चॅनेलचा बरा प्रीॲम्प येतो आणि त्याला वॉरंटी पण असते. ज्यांना सोल्डरिंगचा नाद नाही त्यांनी तेच घ्यावं, यात कमीपणा नाही. ज्यांना नाद आहे त्यांना मी सांगून पण ते थांबणार नाहीत.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. वाड्यात अर्थिंग नावापुरतं, इन्व्हर्टर जुना, वायरिंग माझ्या वयाचं. माइक माजघरातल्या कोनाड्यात ठेवला, आत्याच्या नजरेआड, आणि केबल पडवीत माझ्यापर्यंत ओढली. ती तांदूळ निवडत बसली होती आणि आपल्याच तंद्रीत गुणगुणत होती. हेडफोनमध्ये आधी तांदळाचा ताटलीत पडण्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, मग श्वास, आणि मग ओवी. इन्व्हर्टरची घुर्रर्र नाही, काही नाही. चाळीस मिनिटं मिळाली. मधे एकदा कोंबडी आली ती पण स्वच्छ रेकॉर्ड झालीय.

रेटिंग द्यायचंच तर ट्रान्सफॉर्मरला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. माझ्या डब्याला तीन, ते तिरकं सॉकेट डोळ्यात खुपतं. आणि हो, पहिल्या डब्यातून काढलेला ४० व्हीएचा टोरॉइड नुसता पडून आहे, नव्या डब्यात छोटा बसवला. १५-०-१५ चा आहे, चालू आहे, पुण्यात कोणाला पाहिजे असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. ते साडेतीनशेवाले पिवळ्या टेपचे दोन पण सोबत देईन, भिंतीतल्या वायरी शोधायला.